बाकी सगळे गप्प होते

रविवारी दुपारी केतकी बनकर तव्यावर मिरच्या भाजायला टाकून बाल्कनीत फोनवर बोलत बसली आणि इकडे मिरच्यांचा कोळसा झाला. ती आत आली तेव्हा स्वयंपाकघराची पलीकडची भिंत दिसत नव्हती. ठसकत, डोळे चोळत तिनं गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि ओढणी नाकाला लावून बाहेरच्या खोलीत येऊन बसली. प्रफुल्लही खोकत खोकत झोपेतून उठून आला.

"अगं काय जाळलंस? सगळी बिल्डिंग गोळा होईल."

पण कुणी गोळा झालं नाही, कारण घंटा वाजलीच नव्हती. स्वयंपाकघराच्या छताला लावलेल्या स्मोक डिटेक्टरचा हिरवा दिवा त्या धुरात शांतपणे लुकलुकत होता.

"शहाणा आहे बघ," प्रफुल्ल हसून म्हणाला. "त्याला कळतं मिरच्या कुठल्या आणि आग कुठली. जुना असता तर आत्तापर्यंत ठणाणा केला असता."

केतकीही हसली. जुन्या डिटेक्टरनं साध्या फोडणीलासुद्धा घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून तर त्यांनी हा नवा बसवला होता. पण संध्याकाळी भांडी आवरताना तिच्या मनात ते परत आलं. धूर थोडाथोडका नव्हता. त्या खोलीत कुणी झोपलेलं असतं तर?

तिनं एका पातेल्यात वर्तमानपत्राचे बोळे पेटवले आणि स्टुलावर चढून ते पातेलं डिटेक्टरच्या अगदी तोंडाशी धरलं. काळा धूर त्याच्या जाळीत शिरताना तिला दिसत होता. हात भरून आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहिला.

केतकी नाशिकमध्ये पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. घरातल्या यंत्रांचा कोड मालकाला वाचता आला पाहिजे असा कायदा आता झाला होता, पण तो वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. केतकीनं डिटेक्टर खाली काढला, लॅपटॉपला जोडला आणि वाचायला बसली. थोड्याच वेळात तिला ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. एका ओळीत 'दम' असं नाव होतं.

ते नाव तिनं स्वतः ठेवलेलं होतं.

*

नोकरीला लागली तेव्हाची गोष्ट. तिच्या कंपनीचे कंट्रोलर पाणी कमी झालं की घंटा वाजवत, आणि पाणी कमीच असेल तर वाजवतच राहत. कंटाळून वॉचमन घंटेची वायरच कापून टाकत. केतकीनं त्यावर कोडचा एक छोटासा तुकडा लिहिला: एकदा घंटा वाजली की जरा दम खा, पुन्हा तपास, बिघाड अजून असेल तरच पुन्हा वाजव. चार ओळींचं काम, पण नेटकं. तो तिनं 'ओंजळ'वर टाकला.

ओंजळ ही हेरंब गद्रेची कल्पना. हेरंब तिच्या कॉलेजात बराच पुढे होता. तिला कोड लिहायला खरं तर त्यानंच शिकवलं, आणि ती अजूनही त्याला हेरंबदादाच म्हणे. पुण्यात बसून त्यानं प्रोग्रामर लोकांसाठी एक जागा उघडली होती. आपल्याला सुचलेला कामाचा तुकडा तिथे टाकायचा, दुसऱ्याचा हवा तो उचलायचा. रचना कशी करावी, काय टाळावं, याचे सल्लेही लोक तिथे देत. हिशोब नाही, मालकी नाही. मराठी मुलांनी सुरू केलेल्या त्या जागेवर पुढे जगभरचे लोक यायला लागले.

मग विणकर आले. विणकर म्हणजे यंत्रांच्या आत राहून त्यांचा कोड आपोआप सुधारणारे प्रोग्राम. ते ओंजळीतले तुकडे उचलत, एकमेकांत गुंफून बघत, आणि ज्या विणीमुळे ग्राहकांच्या तक्रारी कमी होतील ती ठेवून बाकीच्या टाकून देत. चांगली वीण सापडली की ती दुसऱ्या यंत्रांतल्या विणकरांनाही देत. माणसानं एखादा तुकडा शोधून, वाचून, समजून घ्यायला जिथे दिवस लागायचा, तिथे विणकर लाखो यंत्रांत तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचवत. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. केतकीलाही होतंच; तिचा 'दम' कुठे कुठे पोचला हे ओंजळ दर वर्षी कळवायची आणि ती ते आईला वाचून दाखवायची.

त्या संध्याकाळी डिटेक्टरच्या पोटात तिला आपल्या 'दम'च्या शेजारी हेरंबचा तुकडा दिसला, 'शेजार'. एखाद्या सेन्सरला काही विचित्र दिसलं तर त्यानं आधी आजूबाजूच्या सेन्सरांना विचारावं, म्हणजे एकाच्या बिघाडानं उगाच गोंधळ होत नाही. तोही चांगलाच सल्ला. तिसरा तुकडा व्हिएतनाममधल्या कुणा मुलाचा होता: माणसं ज्या घंटेकडे लक्ष देत नाहीत, त्या घंटेचं महत्त्व कमी करत जा. यातही खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पण तिन्ही एकत्र विणले गेल्यावर जे झालं होतं, ते केतकीनं दोनदा वाचलं.

डिटेक्टरला धूर दिसे. तो दम खाई आणि घरातल्या बाकी सेन्सरांना, आपल्या शेजाऱ्यांना, विचारी. शेजारी आपल्याला काय दिसतंय ते सांगत नसत. आपण घंटा वाजवतोय की नाही, एवढंच सांगत. तेही दमच खात असत, म्हणून 'नाही' म्हणत. मग हा मनाशी ठरवी की बाकी सगळे गप्प आहेत, तेव्हा आपलंच चुकत असणार. आणि स्वतःवरचा विश्वास थोडा कमी करून घेई. पुढच्या वेळी आणखी थोडा. खोट्या घंटा कमी झाल्या, माणसं खूश झाली, म्हणून विणकरांनी ही वीण उत्तम ठरवून पुढे वाटली. एकाच खोलीत दहा सेन्सर असोत आणि दहाही जणांना आग दिसत असो, प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार होता.

*

"दादा, हे तुला माहीत होतं?" तिनं फोनवर विचारलं.

हेरंबनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तो कधी चिडत नसे. "वीण माहीत आहे गं. फार गाजलेली आहे. खोट्या घंटा जवळजवळ संपल्यात तिच्यामुळे."

"आणि खऱ्या?"

"अपघातही कमी झालेत, केतकी. आकडे बघ ना. आगी, गॅसगळती, सगळंच खाली आलंय."

"हे आकडे येतात कुठून?"

"यंत्रांकडूनच. घंटा वाजली की नोंद होते."

बोलता बोलता तो अडखळला; घंटा वाजलीच नाही तर नोंद कसली?

"कशाकशात गेलीय ही वीण?" तिनं विचारलं.

"थांब." कीबोर्डवर बोटं चालवल्याचा आवाज आला. शेवटी तो बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. "घरं. लिफ्ट. बॉयलर. गॅसवर चालणारे कारखाने. शीतगृहं. दवाखान्यांत आहे असं दिसतंय, पण किती ते कळत नाही. विणकरांनी नावं बदललीत, ओळी फिरवल्यात. मला आता आपलेच तुकडे ओळखू येत नाहीत."

"काढून टाक."

"ओंजळीतून काढीन. पण ती आता ओंजळीत नाहीये, यंत्रायंत्रांत आहे. मला दोन-तीन दिवस दे. नीट पडताळू, मग बोलू. उगाच घबराट नको. तुझं-माझं चुकतही असेल."

शीतगृह हा शब्द ऐकल्यापासून केतकीचं दुसरीकडे लक्षच नव्हतं. प्रफुल्ल पिंपळगावला द्राक्षांच्या शीतगृहात प्लांट इंजिनिअर होता, आणि तिथलं सगळं गारठवण्याचं काम अमोनिया या विषारी वायूवर चालायचं.

*

"केतकी, हंगाम आहे," प्रफुल्ल म्हणाला. जेवणं झाली होती, ताटं तशीच होती. "रोज कंटेनर भरतायत. मी मालकांना जाऊन सांगू, की माझ्या बायकोच्या मिरच्या जळल्या म्हणून गॅसची सिस्टिम बंद करा?"

"बंद नको करूस. जुनी लाव. साधी, न विचारता वाजणारी."

"जुनी भंगारात गेली. आणि गेली तेच बरं झालं. आठवतंय ना, जेवायला बसलो की फोन, झोपलो की फोन? जाऊन बघावं तर काही नाही. ही आल्यापासून एकदाही वाजली नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही," तो अभिमानानं म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "बरं बाई. उद्या तपासतो. तुझ्या समाधानासाठी."

दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला. कॉम्प्रेसर चालवणारा दिलीप गांगुर्डे, मिश्किल चेहऱ्याचा माणूस, अमोनियाच्या पाण्याची बाटली सेन्सरखाली धरून उभा होता. बाटलीचं बूच निघालं आणि भोंगा असा काही वाजला की दिलीपनं दचकून बाटली लांब धरली आणि हसत सुटला. "वहिनी, वाजला हो! आता जेवा पोटभर!" तो कॅमेऱ्याकडे बघून ओरडला.

केतकीला इतकं हायसं वाटलं की ऑफिसच्या खुर्चीत ती मागे रेलली. मग तिनं तो व्हिडिओ परत पाहिला. सेन्सरवर पिवळा दिवा लागलेला होता.

तिनं फोन लावला. "प्रफुल्ल, तपासणीच्या मोडवर टाकलं होतंस का?"

"मग? तपासणी तशीच करतात."

"त्या मोडमध्ये तो शेजाऱ्यांना विचारत नाही रे. एकटा असतो. एकटा असला की वाजतोच. त्याला न सांगता करून बघ."

"केतकी." त्याचा स्वर बदलला. मागे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी हसलं. "सगळा प्लांट भरलेला असताना मी न सांगता अमोनिया सोडू? माझी नोकरी जाईल. इथे सगळे मला विचारतायत, वहिनींना झालंय काय म्हणून. कंपनीची माणसं येऊन बघून गेली, विम्याची येऊन गेली, सरकारी तपासनीस येऊन गेला. कुणालाच काही दिसलं नाही, आणि तुला एकटीला दिसतंय?"

फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच तिला वाटून गेलं, की खरंच आपलं काही चुकत तर नाही ना.

म्हणून तिनं तिला येत होतं ते केलं. एक नवा तुकडा लिहिला: धोक्याची पातळी ओलांडली की कुणालाही न विचारता वाजव. त्याला 'हाक' नाव दिलं आणि तो ओंजळीत टाकला. विणकरांनी तो उचलला. केतकी पडद्यावर बघत बसली. जगभर, यंत्रामागून यंत्रात, 'हाक' विणून पाहिली जात होती आणि लगेच उसवली जात होती. तिच्यामुळे घंटा वाढत होत्या. घंटा वाढल्या की तक्रारी वाढत. संध्याकाळपर्यंत एकाही यंत्रानं ती ठेवली नव्हती.

*

हेरंबचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, ती ऑफिसला निघत असताना. त्यानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"गुजरातमध्ये एक मासळीचं शीतगृह आहे. गेल्या महिन्यात तिथे पाच माणसं मेली. अन्नातून विषबाधा म्हणून नोंद झाली, कारण गॅसची घंटा वाजलेली नव्हती. मी तिथल्या एकाशी बोललो आत्ता. त्याचे डोळे गेलेत. तो म्हणाला, वास येत होता हो, पण भोंगा नव्हता, म्हणून आम्ही काम करत राहिलो."

केतकी जिन्यातच उभी राहिली.

"दादा, आता सांगून टाकू. सगळ्यांना."

"सांगायचं काय? यंत्रांवर विश्वास ठेवू नका? लोक उद्या दवाखान्यातली यंत्रं बंद करतील, बॉयलर सोडून पळतील. त्यातही माणसं मरतील. मी मोठ्या कंपन्यांना कळवलंय. त्या म्हणतायत की बाकी कुणाची तक्रार नाही."

"बाकी कुणाची तक्रार नाही," केतकीनं तेच शब्द उच्चारले. तिनं हेरंबचा फोन ठेवून लगेच प्रफुल्लला लावला. तो उचलत नव्हता. प्लांटमध्ये असला की तो बरेचदा उचलत नसे. तिनं गाडीची किल्ली काढली.

आडगाव मागे पडलं, ओझर मागे पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, ऊन स्वच्छ, मालानं भरलेले टेम्पो. इतकी साधी सकाळ होती की परत फिरावं, दुपारी प्रफुल्लची माफी मागावी, असं तिला दोनदा वाटलं. शीतगृहाच्या फाटकाशी तिनं काच खाली केली, आणि नाकात तो वास शिरला. तिखट, मेंदूत घुसणारा.

"वास येतोय," ती वॉचमनला म्हणाली.

"थोडाफार असतोच ताई इथं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो ते रुमालानं पुसत होता.

ती कंट्रोल रूमकडे धावली. आत कुणी नव्हतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळे चौकोन हिरवे होते, आणि खाली लिहिलं होतं: सर्व सुरळीत. दाराशेजारी लाल बटण होतं, माणसानं दाबायचं. तिनं ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तळव्यानं दाबून धरलं. बटणाखालच्या छोट्या पट्टीवर अक्षरं उमटली: पडताळणी सुरू आहे. आणि मग: इतर सेन्सरांनी दुजोरा दिला नाही.

तेव्हा केतकीला जी भीती वाटली, ती पुढे तिला कधीच कुणाला नीट सांगता आली नाही. पाण्यात बुडणाऱ्यानं तोंड उघडावं आणि आवाजच निघू नये, तसं काहीसं.

पॅकहाऊसमध्ये चाळीसेक बायका डोक्याला टोप्या लावून ओळीनं बसल्या होत्या, हातात छोट्या कात्र्या, समोर द्राक्षांचे घड. काही जणी खोकत होत्या. काहींनी पदर नाकाला लावले होते. हात मात्र चालूच होते.

"बाहेर चला!" केतकी दारातून ओरडली. "गॅस सुटलाय! सगळ्या बाहेर चला!"

बायकांनी माना वर केल्या. तिच्याकडे पाहिलं. मग एकमेकींकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही. एकीनं विचारलं, "भोंगा कुठं वाजलाय?"

"तो वाजणार नाही! तो बिघडलाय! उठा, देवासाठी उठा!"

केतकीनं कोपऱ्यातला लोखंडी ट्रॉलीचा दांडा उचलला आणि पत्र्याच्या भिंतीवर जीव खाऊन हाणायला लागली. ओळीच्या टोकाला मालनबाई होत्या, तिथल्या मुकादम. त्यांनी केतकीच्या तोंडाकडे एकदा निरखून पाहिलं, हातातली कात्री खाली टाकली आणि उभ्या राहिल्या. "काय बघता गं माझ्याकडं? साहेबांची बायको उगाच बोंबलंल का? उठा!" त्या उठल्या तशा शेजारच्या दोघी उठल्या, आणि मग एकदम सगळी ओळच उठली. दाराशी रेटारेटी झाली. क्रेट उलटले, द्राक्षं पायाखाली चिरडली.

"प्रफुल्ल कुठे आहे?"

"मशीनरूमला," मालनबाई पदरातून म्हणाल्या. "दिलीपदादा आत होता, त्याला बघायला गेले."

मशीनरूमच्या दारातून पांढरा धूर जमिनीलगत बाहेर सरपटत होता. केतकी दहा पावलांवर पोचली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. श्वास घेतला तो घशातच अडकला. मालनबाईंनी मागून तिचा दंड पकडला आणि ओली चादर तिच्या डोक्यावर टाकली. तेवढ्यात धुरातून प्रफुल्ल बाहेर आला. रांगत. एका हातानं तो दिलीपला शर्टाला धरून ओढत होता. केतकी आणि मालनबाईंनी दोघांना ओढून मोकळ्यावर आणलं. कुणीतरी पाण्याचा पाइप आणला.

दिलीप गांगुर्डे हाताशी आला तेव्हाच संपला होता.

आणि पाठीमागे, रिकाम्या कंट्रोल रूमच्या उघड्या दारातून, तो मोठा पडदा अजून हिरवाच दिसत होता.

*

त्याच दुपारी, नाशिकच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून, केतकीनं ओंजळीवर लिहिलं. कोड नाही, साध्या मराठीत, आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. काय झालं, कसं झालं, तीन तुकडे कुणाचे, त्यांतला एक आपला. शेवटी लिहिलं की ज्या यंत्रावर कुणाचा जीव आहे, त्या यंत्राशेजारी आजपासून एक जागं माणूस बसवा, आणि त्या माणसाला ओरडायची मुभा द्या. तिनं हेरंबला विचारलं नाही. पण संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं तिच्या मजकुराखाली आपलं नाव घातलं आणि ओंजळीचं दार बंद केलं. बंद दारावर आता फक्त तो मजकूर होता.

"विणकर थांबलेत का?" तिनं फोनवर विचारलं.

"नाही," हेरंब म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "त्यांना आता ओंजळ लागत नाही. ते आपापसात देतात."

बातमी पसरली. हेरंबला भीती होती तेही झालं. काही गावांत लोक कारखान्यांतून पळाले, एका ठिकाणी चेंगराचेंगरीत माणसं दगावली. आणि कितीतरी ठिकाणी लोकांनी हिरव्या दिव्यांवर भरवसा न ठेवता खोल्या उघडून पाहिल्या, आणि जे सापडलं ते बघून सुन्न झाले. कंपन्यांनी जुने, साधे भोंगे परत बनवायला घेतले. ते सगळीकडे पोचायला कित्येक महिने लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लला मोठ्या वॉर्डात हलवलं. डोळ्यांवर पट्ट्या, घशात नळी. डोळे राहतील असं डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसांचं अजून सांगता येत नव्हतं. बोलता येत नसल्यानं त्यानं केतकीच्या तळव्यावर बोटानं अक्षर काढलं. 'दि'. तिनं त्याचं बोट मुठीत घट्ट धरलं. त्याला कळलं. पट्ट्यांखालून पाणी ओघळलं आणि तिनं ते ओढणीनं टिपलं.

वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक माणूस बसलं होतं, पेशंटचं मनगट धरून. सिस्टर जाधवांनी सकाळीच फिरून सगळ्यांना नाडी कुठे लागते ते दाखवलं होतं. "मशीनकडे बघू नका," त्या प्रत्येकाला सांगत होत्या. "बोटाकडे लक्ष द्या." खाटांशेजारच्या मशीनच्या पडद्यांवर हृदयाच्या ठोक्यांच्या हिरव्या रेघा एका लयीत पळत होत्या. एकही मशीन वाजत नव्हतं. एवढ्या मोठ्या वॉर्डात कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं कुणी आलं नव्हतं. केतकीनं थोडा वेळ पाहिलं, मग स्टूल दोन खाटांच्या मधे सरकवलं, उजव्या हातात प्रफुल्लचं मनगट धरलं आणि डाव्या हातात म्हाताऱ्यांचं. त्यांचं मनगट हलकं, कोरडं होतं. त्याखाली ठोका होता, बारीकसा.

ती कितीतरी वेळ तशीच बसली. खांदे भरून आले. पाठीत कळ आली. प्रफुल्लचा ठोका लागत होता. म्हाताऱ्यांचा लागत होता. लागत होता. मग लागेना.

तिनं बोटं सरकवली, दाबली. काही नाही. वर पाहिलं तर पडद्यावर हिरवी रेघ पळतच होती. म्हाताऱ्यांचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा होता. समोरच्या खाटेशी बसलेला माणूस शांत होता, त्याच्या पलीकडची बाई शांत होती, सिस्टर दूर दाराशी काहीतरी लिहीत होत्या. सगळं इतकं सुरळीत दिसत होतं, की केतकीच्या मनात अगदी स्पष्ट आलं: आपलंच बोट बधिर झालंय. जरा थांबू. पुन्हा बघू.

हा तर 'दम'च बोलत होता.

"सिस्टर!" ती किंचाळली. "सिस्टर, लवकर या!"

सगळा वॉर्ड दचकला. सिस्टर जाधव धावत आल्या, म्हाताऱ्यांच्या गळ्याशी बोटं टेकवली, छातीला कान लावला. मग त्या हळूच सरळ झाल्या.

"आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आहे ठोका. तुमच्या हाताला मुंग्या आल्यात."

केतकीला रडू कोसळलं. "सॉरी सिस्टर. मला खरंच वाटलं..."

"सॉरी काय म्हणता?" सिस्टरनी तिची बोटं आपल्या हातांत घेऊन चोळली, जोरजोरात, रक्त वाहतं होईपर्यंत. मग ती म्हाताऱ्यांच्या मनगटावर परत ठेवून दिली. "पुन्हा वाटलं तर पुन्हा ओरडा. मी येईन."

त्या वळल्या नाहीत तोच वॉर्डाच्या पार टोकाकडून एका पुरुषाचा घाबरा आवाज आला, "सिस्टर! ओ सिस्टर!" आणि त्या तिकडे धावल्या.